पायथनची डेप्रिकेशन वॉर्निंग: दडपायची कशी आणि कोणापासून

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी मी काही वर्षांपूर्वी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहून दिली होती. कोणत्या पार्टीला किती डझन माल गेला, याची यादी ती तयार करते. कारखान्याचे दिवाणजी रोज संध्याकाळी टर्मिनल उघडतात, एक आज्ञा टंकतात आणि आलेली यादी छापून फाइलला लावतात. संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली बसवल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. यादी नेहमीप्रमाणे आली होती, आकडेही जुळत होते, परंतु यादीच्या आधी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या होत्या आणि त्यांत 'वॉर्निंग' हा शब्द होता. "सर, हिशेब तर चुकला नाही ना?" एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

हिशेब चुकलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन मी स्क्रिप्टच्या सुरुवातीला सर्व वॉर्निंग सरसकट बंद करणारी एक ओळ लिहिली, पडदा स्वच्छ झाला आणि विषय संपला असे मी मानले. पुढे त्याच संगणकावर उबुंटू २४.०४ आले, त्याबरोबर पायथन ३.१० च्या जागी ३.१२ आले आणि ऐन शनिवारी, आठवड्याचा हिशेब करायच्या दिवशी, स्क्रिप्ट यादी देण्याऐवजी पहिल्या काही ओळींतच थांबली. 'डिस्टयुटिल्स' नावाचे मोड्यूल (कोडची स्वतंत्र फाइल किंवा संच) सापडत नाही, अशी तिची तक्रार होती. मी दडपलेल्या त्या दोन ओळींत नेमके हेच लिहिलेले होते: डिस्टयुटिल्स हे पॅकेज कालबाह्य ठरवले असून ते पायथन ३.१२ मध्ये काढून टाकण्यात येणार आहे. आवृत्तीच्या क्रमांकासह दिलेली ही पूर्वसूचना मी स्वतःच्या हाताने झाकून ठेवली होती.

म्हणून डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टीची अशी पूर्वसूचना, कशी दडपावी, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ती कोणापासून दडपायची आणि कोणापर्यंत पोहोचवायची, हे आधी ठरवावे लागते. पायथनमध्ये त्यासाठी लागणारी सर्व साधने हाताशी आहेत. ती नीट ओळखून घेणे एवढेच आपले काम आहे. या लेखात आज्ञा आणि नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांतच टंकावीत.

डेप्रिकेशन ही कल्पना सुताच्या व्यवहारातून चटकन समजते. समजा, सुताच्या व्यापाऱ्याने कारखानदाराला कळवले की, तुम्ही नेहमी नेता तो काउंट (सुताच्या जाडीचा क्रमांक) दिवाळीनंतर मिळणार नाही, आतापासून दुसरा वापरायला लागा. या निरोपाने आज माग थांबत नाही आणि आज विणलेल्या टॉवेलात काही खोटही येत नाही. निरोप कारखानदारासाठी असतो. तो निरोप टॉवेलाच्या घडीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती दिला, तर आपल्याला खराब माल मिळाला असे गिऱ्हाइकाला वाटेल. आणि कारखानदाराने तो न वाचताच फाडून टाकला, तर दिवाळीनंतर माग बंद राहतील. पायथनमध्ये एखादे फंक्शन किंवा मोड्यूल पुढे काढून टाकायचे ठरते, तेव्हा ते आधी काही आवृत्त्यांत चालू ठेवले जाते आणि ते वापरणाऱ्याला वॉर्निंग दिली जाते. भाषेच्या स्वतःच्या धोरणानुसार अशी वॉर्निंग किमान दोन आवृत्त्यांत दिसावी लागते, आणि ३.९ पासून दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नवी आवृत्ती येत असल्यामुळे हा अवधी साधारण दोन वर्षांचा होतो. बऱ्याच बाबतींत तो याहून अधिक असतो.

वॉर्निंग दिसते तेव्हा नेमके काय घडते, हे पाहिले की पुढचे उपाय आपोआप समजतात. पडद्यावरील पहिल्या ओळीत फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, वॉर्निंगचा वर्ग आणि संदेश हे चारही भाग विसर्गचिन्हाने (कोलन, :) वेगळे केलेले असतात. दुसऱ्या ओळीत त्या ठिकाणचा मूळ कोड दाखवलेला असतो. हा मजकूर स्टँडर्ड आउटपुट या नेहमीच्या उत्तराच्या प्रवाहावर न जाता स्टँडर्ड एरर या तक्रारींच्या वेगळ्या प्रवाहावर जातो. त्यामुळे यादी एखाद्या फाइलमध्ये वळवली, तर यादी फाइलमध्ये जाते आणि वॉर्निंग पडद्यावरच राहते. वॉर्निंगमुळे स्क्रिप्टचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती परत देते तो आकडा, हाही बदलत नाही. काम यशस्वी झाले असेल तर तो शून्यच राहतो. दोन्ही प्रवाह एकत्र करून एकाच फाइलमध्ये पाठवले, तरच ही ओळ सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलच्या) रकान्यांत घुसते आणि पुढचा प्रोग्राम अडखळतो. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामात तर कोणतेही आउटपुट आले की ईमेल जाण्याची व्यवस्था असते, म्हणून निरुपद्रवी वॉर्निंगही रोज सकाळी एक ईमेल होऊन येते.

यावर अनेक जण करतात तो उपाय म्हणजे संपूर्ण स्टँडर्ड एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे आलेले सगळे गिळून टाकणाऱ्या रिकाम्या फाइलमध्ये, फेकून देणे. हा उपाय कोणीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच वाटेने खऱ्या चुकांचा ट्रेसबॅकही (चूक कोठे झाली हे दाखवणारा मजकूर) येत असतो. वॉर्निंग घालवण्यासाठी ती वाट बंद केली, तर डेटाबेस उघडला नाही, फाइल सापडली नाही किंवा डिस्क भरली, यांपैकी काहीच कोणाला कळणार नाही, आणि सकाळी फक्त रिकामी यादी हाती येईल.

पायथनमधील वॉर्निंगची यंत्रणा २००१ साली आलेल्या २.१ या आवृत्तीपासून आहे. तिच्या मुळाशी फिल्टरची एक यादी असते. वॉर्निंग निर्माण झाली की पायथन ही यादी वरून खाली तपासतो आणि जुळणारा पहिला फिल्टर जे सांगेल ते करतो. प्रत्येक फिल्टरचे पाच भाग असतात: कृती, संदेश, वर्ग, मोड्यूल आणि ओळीचा क्रमांक. कृतींमध्ये 'इग्नोर' म्हणजे दाखवू नये आणि 'एरर' म्हणजे वॉर्निंगचे रूपांतर थेट चुकीत करून प्रोग्राम थांबवावा. 'ऑलवेज' प्रत्येक वेळी दाखवते. 'डिफॉल्ट' ही कृती एकाच ठिकाणाहून येणारी वॉर्निंग एकदाच दाखवते, 'मोड्यूल' ही प्रत्येक मोड्यूलमागे एकदा आणि 'वन्स' ही संपूर्ण प्रोग्राममध्ये एकदाच. चार हजार चलनांवरून (माल पाठवल्याच्या पावत्यांवरून) फिरणाऱ्या लूपमध्ये जुने फंक्शन वापरलेले असूनही पडद्यावर एकच ओळ का दिसते, याचे उत्तर या 'डिफॉल्ट'मध्ये आहे.

आपण काहीच न सांगितल्यास पायथन स्वतःचे फिल्टर लावतो, आणि त्यांतील पहिले दोन फिल्टर कमांड-लाइन स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पाठच करावेत असे आहेत. डेप्रिकेशन वॉर्निंग 'मेन' या मोड्यूलमधल्या कोडमुळे उद्भवली असेल, तर ती दाखवावी. इतर कोणत्याही मोड्यूलमुळे उद्भवली असेल, तर दाखवू नये. 'मेन' म्हणजे आपण थेट चालवलेली फाइल. या नियमामागे बराच विचार आहे. २०१० सालच्या २.७ आणि २०११ सालच्या ३.२ या आवृत्त्यांपासून डेप्रिकेशन वॉर्निंग मुळातच लपवलेली असे, कारण ती प्रोग्राम वापरणाऱ्या सामान्य माणसाला दिसून त्याचा गोंधळ होत होता. परंतु त्यामुळे ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही दिसेनाशी झाली आणि एखादी गोष्ट खरोखर काढून टाकली जाई तेव्हा त्यांना धक्का बसे. २०१८ साली ३.७ मध्ये मधला मार्ग काढण्यात आला: जो माणूस फाइल थेट चालवतो तोच बहुधा तिचा लेखक असतो, असे गृहीत धरून तेवढ्यापुरती वॉर्निंग पुन्हा दाखवायला सुरुवात झाली.

आमच्या कारखान्यात हे गृहीतक लागू पडत नाही, हीच खरी अडचण आहे. स्क्रिप्ट मी लिहितो आणि थेट चालवतात दिवाणजी. गावोगावच्या कारखान्यांत, पेढ्यांत आणि दवाखान्यांत एका ओळखीच्या माणसाने लिहून दिलेल्या अशा असंख्य स्क्रिप्ट चालू असतील, आणि त्या सर्वांची स्थिती हीच असणार. याउलट, तोच कोड रीतसर पॅकेज करून पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) बसवला, तर आज्ञा टंकल्यावर पिपने तयार केलेली छोटी फाइल 'मेन' ठरते आणि आपला सगळा कोड आयात केलेले मोड्यूल बनतो. त्यामुळे कोडचे एक अक्षरही न बदलता वॉर्निंग दिसेनाशी होते. ती गेली म्हणजे दोष गेला, असे मात्र नव्हे.

आता दडपण्याचे मार्ग पाहू. सर्वांत सोपा मार्ग आज्ञेतच असतो: पायथनथ्री, त्यानंतर -डब्ल्यू, त्यानंतर इग्नोर आणि मग स्क्रिप्टचे नाव. येथील डब्ल्यू मोठ्या लिपीतील आहे आणि तो स्क्रिप्टच्या नावाआधीच यायला हवा. नावानंतर लिहिल्यास पायथन त्याच्याकडे पाहतच नाही. तो स्क्रिप्टला दिलेला पर्याय समजला जातो. नुसते 'इग्नोर' लिहिणे म्हणजे सर्व वर्गांच्या वॉर्निंगवर पडदा टाकणे होय, म्हणून 'इग्नोर', दोन विसर्गचिन्हे आणि मग 'डेप्रिकेशनवॉर्निंग' असे लिहून वर्ग सांगितलेला बरा. मधली दोन विसर्गचिन्हे लागोपाठ येतात, कारण त्यांच्यामधील संदेशाची जागा आपण रिकामी सोडलेली असते.

स्क्रिप्ट वारंवार चालवायची असेल, तर तोच मजकूर 'पायथनवॉर्निंग्ज' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (टर्मिनल सर्व प्रोग्रामना पुरवते अशा नावाच्या सेटिंगमध्ये) ठेवता येतो. त्याचा परिणाम त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक पायथन प्रोग्रामवर होतो, आणि आपल्या स्क्रिप्टने आणखी एखादा पायथन प्रोग्राम चालवल्यास त्यावरही होतो. -डब्ल्यूचा परिणाम मात्र त्या एका प्रोग्रामपुरता राहतो. व्हेरिएबलमध्ये अनेक फिल्टर स्वल्पविरामाने वेगळे करायचे असतात, त्यामुळे ज्या संदेशात स्वल्पविराम आहे तो तेथे लिहिता येत नाही. एकाच स्क्रिप्टची वॉर्निंग घालवण्यासाठी हे व्हेरिएबल वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये कायमचे लिहून ठेवणे मला पसंत नाही. सहा महिन्यांनी ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

काही जण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, म्हणजे शिबँगमध्ये, -डब्ल्यू इग्नोर लिहितात आणि लिनक्सवर स्क्रिप्ट चालेनाशी झाली की बुचकळ्यात पडतात. लिनक्सचा कर्नल पहिल्या ओळीतील इंटरप्रिटरच्या नावापुढचा सगळा मजकूर एकच आर्ग्युमेंट म्हणून पुढे देतो. तेथे 'एन्व्ह' (नावावरून प्रोग्राम शोधून चालवणारी आज्ञा) वापरलेले असेल, तर ते 'पायथनथ्री -डब्ल्यू इग्नोर' अशा अख्ख्या नावाचा प्रोग्राम शोधू लागते, आणि तसा प्रोग्राम अर्थातच नसतो. २०१८ नंतरच्या कोअरयुटिल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूलभूत आज्ञांच्या संचात, एन्व्हला मोठ्या लिपीतील -एस हा पर्याय दिल्यास मजकुराचे तुकडे होतात आणि काम चालते.

तिसरा मार्ग कोडमध्ये आहे. 'वॉर्निंग्ज' हे मोड्यूल आयात करून त्यातील 'सिम्पलफिल्टर' किंवा 'फिल्टरवॉर्निंग्ज' हे फंक्शन बोलवायचे असते. पहिले फक्त कृती, वर्ग आणि ओळीचा क्रमांक घेते; दुसऱ्याला संदेश आणि मोड्यूलही सांगता येतात. दोन्ही फंक्शने नवा फिल्टर यादीच्या डोक्यावर ठेवतात, म्हणून शेवटी लिहिलेला फिल्टर सर्वांत आधी तपासला जातो. आधी बारीक नियम आणि मग सरसकट नियम लिहिणाऱ्याचा बारीक नियम यामुळेच निष्प्रभ ठरतो. दुसरी गोष्ट क्रमाची आहे: अनेक वॉर्निंग मोड्यूल आयात होतानाच येतात, त्यामुळे फिल्टरची ओळ त्या आयातीच्या आधी असावी लागते. आयातीच्या सर्व ओळी सर्वांत वर लिहिण्याची शिस्त चांगलीच आहे, पण येथे तिला अपवाद करावा लागतो.

हे सगळे करूनही वॉर्निंग जात नाही, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. तिचे कारण बहुधा पुढील दोहोंपैकी एक असते. पहिले कारण वर्गाचे. पांडाजसारख्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच) आपल्या बदलांची सूचना अनेकदा डेप्रिकेशन वॉर्निंग म्हणून न देता फ्यूचर वॉर्निंग म्हणून देतात, आणि हा वर्ग प्रोग्रामच्या वापरकर्त्यांसाठी असल्यामुळे तो मुळात सर्वांना दिसतो. डेटाफ्रेमचे 'अपेंड' हे फंक्शन २०२२ साली १.४ या आवृत्तीत अशाच सूचनेसह डेप्रिकेट झाले आणि २०२३ सालच्या २.० मध्ये काढून टाकले गेले. डेप्रिकेशन वॉर्निंगचा फिल्टर त्या सूचनेला शिवतही नव्हता. पायथन स्वतःही वर्ग बदलतो: स्ट्रिंगमध्ये उलट्या तिरप्या रेघेपुढे चुकीचे अक्षर आल्यास ३.६ पासून डेप्रिकेशन वॉर्निंग मिळत असे, ३.१२ पासून तेथे सिंटॅक्स वॉर्निंग मिळते. वॉर्निंगच्या ओळीतील वर्गाचे नाव डोळ्यांनी वाचून तेच फिल्टरमध्ये लिहावे, अंदाजाने लिहू नये.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि ते समजून घेण्यासाठी थोडे थांबणे योग्य ठरेल. फिल्टरमधील 'मोड्यूल' म्हणजे वॉर्निंग देणारे मोड्यूल नव्हे. वॉर्निंग ज्याच्या नावावर पडते ते मोड्यूल. लायब्ररीचा लेखक वॉर्निंग देताना 'स्टॅकलेव्हल' नावाचा एक आकडा देऊ शकतो. तो १ असेल तर वॉर्निंग लायब्ररीच्याच ओळीच्या नावावर पडते. २ असेल तर लायब्ररीचे ते फंक्शन ज्याने बोलावले त्याच्या नावावर पडते. चांगली लायब्ररी २ देते, कारण जुने फंक्शन वापरणारी ओळ बदलायची असते, लायब्ररीतील ओळ नव्हे. त्यामुळे आपल्या स्क्रिप्टने लायब्ररीचे कालबाह्य फंक्शन बोलावले असेल, तर वॉर्निंग 'मेन'च्या नावावर पडते, आणि फिल्टरमध्ये लायब्ररीचे नाव कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी ते जुळत नाही. उलट, एका लायब्ररीने दुसऱ्या लायब्ररीचे जुने फंक्शन बोलावले असेल, तर वॉर्निंग पहिल्या लायब्ररीच्या नावावर पडते आणि मूळ नियमानुसार ती दिसतच नाही. पडद्यावर दिसणारी वॉर्निंग बहुतेक वेळा आपल्याच कोडबद्दल असते, हा यातून निघणारा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ती परक्याची कटकट समजून दडपली जाते, पण दुरुस्ती आपल्याच ओळीत करायची असते.

नावे जुळवण्याच्या पद्धतीतही एक फरक आहे. कोडमधील फिल्टरवॉर्निंग्जला संदेश आणि मोड्यूल हे रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना सांगणारी खूणभाषा) म्हणून द्यायचे असतात आणि ते सुरुवातीपासून जुळवले जातात. -डब्ल्यूमध्ये मात्र ते साध्या अक्षरांप्रमाणे घेतले जातात, संदेश सुरुवातीपासून जुळावा लागतो आणि मोड्यूलचे नाव पूर्ण व तंतोतंत जुळावे लागते. पॅकेजचे वरचे नाव दिले म्हणून त्याच्या पोटातील मोड्यूल त्यात येत नाहीत.

त्या शनिवारी मी डिस्टयुटिल्सची अडचण लगेच दूर केली. सेटिंगच्या फाइलमधील 'हो' किंवा 'नाही' वाचण्यासाठी मी त्यातील 'स्ट्रटुबूल' हे एकच फंक्शन वापरत होतो आणि त्याच्या जागी चार ओळी पुरेशा होत्या. या वेळी वॉर्निंग दडपणारी ओळही काढून टाकली, आणि लगेच दुसरी वॉर्निंग समोर आली: 'यूटीसीनाऊ' हे फंक्शन डेप्रिकेट झाले आहे, त्याऐवजी वेळक्षेत्राची माहिती सोबत बाळगणारा डेटटाइम वापरावा. ३.१२ मध्ये सुरू झालेली ही वॉर्निंग अनेकांना निष्कारण वाटते, कारण फंक्शन तर बरोबर वेळ देत असते. देते हे खरे, पण ती वेळ यूटीसीतील (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेतील) आहे ही खूण तिच्यासोबत ठेवत नाही. पुढे कोणी तिच्यावर 'टाइमस्टॅम्प' चालवला, तर पायथन तिला स्थानिक वेळ समजतो आणि भारतातील संगणकावर उत्तर साडेपाच तासांनी चुकते. आमच्या गेटवरील नोंदीत याहून साधी चूक होती. रात्री माल भरून पहाटे साडेपाचच्या आत सुटणाऱ्या गाड्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती, कारण यूटीसीप्रमाणे तोवर तारीख बदललेलीच नसते. पहाटे चारला सुटलेली गाडी यंत्राच्या हिशेबात आदल्या रात्री साडेदहाला सुटलेली असे. दिवाणजी ती तारीख अधूनमधून हाताने दुरुस्त करत होते आणि ते मला सांगण्यासारखे आहे, असे त्यांना कधी वाटले नव्हते. डेप्रिकेशनच्या मागे पुष्कळदा असे सबळ कारण असते. ते वाचल्याशिवाय वॉर्निंग बंद करू नये, असे माझे ठाम मत या गाड्यांनी बनवले.

आता मी प्रत्येक स्क्रिप्टमध्ये जी व्यवस्था ठेवतो, ती सांगतो. सुरुवातीला स्क्रिप्ट 'सिस' या मोड्यूलमधील 'वॉर्नऑप्शन्स' ही यादी तपासते. चालवणाऱ्याने -डब्ल्यू किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून काही सांगितले असेल, तर ते या यादीत दिसते, आणि तसे असल्यास स्क्रिप्ट स्वतःचे फिल्टर लावतच नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही हीच पद्धत सुचवलेली आहे. तिच्यामुळे दिवाणजींना शांत पडदा मिळतो आणि मला मात्र -डब्ल्यू डिफॉल्ट लिहून सर्व काही पाहता येते. कोड बदलावा लागत नाही.

यादी रिकामी असेल, तर बहुतेक लेखक येथे 'इग्नोर' लिहून थांबतात. मी थांबत नाही. 'लॉगिंग' या मोड्यूलमध्ये 'कॅप्चरवॉर्निंग्ज' नावाचे फंक्शन आहे. ते चालू केले की वॉर्निंग स्टँडर्ड एररवर न जाता 'पाय.वॉर्निंग्ज' नावाच्या लॉगरकडे (नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) जातात. लॉगिंग आधीच एखाद्या फाइलकडे वळवून ठेवले असेल, तर पडद्यावर काहीही उमटत नाही आणि प्रत्येक वॉर्निंग तारीख-वेळेसह फाइलमध्ये नोंदली जाते. एक काळजी घ्यावी लागते: फिल्टर आधी लागतात आणि त्यातून सुटलेल्याच वॉर्निंग लॉगमध्ये पोहोचतात, म्हणून येथे कृती 'इग्नोर' न ठेवता 'डिफॉल्ट' ठेवावी. त्यामुळे आयात केलेल्या लायब्ररींच्या, एरवी लपून राहणाऱ्या वॉर्निंगही फाइलमध्ये येतात. स्क्रिप्ट दर वेळी चालताना एका ठिकाणाची एकच नोंद होत असल्याने फाइल भराभर फुगत नाही. निरोप कारखानदारालाच मिळतो आणि टॉवेलाच्या घडीत चिठ्ठी जात नाही.

क्वचित एखादी वॉर्निंग खरोखर दडपावीच लागते. आपण वापरत असलेल्या लायब्ररीत तिचे मूळ असते, लायब्ररीची सुधारित आवृत्ती आलेली नसते आणि लॉगमध्ये रोज तीच ओळ वाचण्यात अर्थ नसतो. अशा वेळी संदेश, वर्ग आणि मोड्यूल हे तिन्ही भाग भरून फिल्टर जितका अरुंद करता येईल तितका करावा. फक्त एका फंक्शनच्या वेळेपुरतेच दडपायचे असेल, तर 'कॅचवॉर्निंग्ज' हा कॉन्टेक्स्ट मॅनेजर 'विथ'सोबत वापरावा. त्याच्या आत लावलेले फिल्टर बाहेर पडताच आपोआप निघून जातात. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र तो जपून वापरावा, कारण मूळ रचनेत फिल्टरची यादी सर्व थ्रेडमध्ये सामायिक असते आणि एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला दिसतो.

जे पडद्यावरून हटवले ते तपासणीत अधिक कडकपणे दिसले पाहिजे, असा माझा दुसरा नियम आहे. नवी आवृत्ती कारखान्यात नेण्याआधी मी स्क्रिप्ट माझ्या संगणकावर जुन्या चलनांच्या नमुन्यावर -डब्ल्यू एरर लिहून चालवतो. प्रत्येक वॉर्निंग तेथे चूक बनते, स्क्रिप्ट थांबते आणि ट्रेसबॅकमधून नेमकी ओळ कळते. सर्वच वर्गांवर 'एरर' लावल्यास लायब्ररींच्या आतील वॉर्निंगमुळेही काम अडते, म्हणून प्रथम फक्त डेप्रिकेशनचा वर्ग घेणे सोयीचे ठरते. पायटेस्ट या चाचणीच्या साधनाने चाचण्या लिहिल्या असतील, तर डेप्रिकेशन वॉर्निंगचा गोषवारा तो चाचण्यांच्या शेवटी स्वतःहून दाखवतो. तो वाचण्याची सवय लावून घेणे एवढेच उरते.

आपण इतरांसाठी मोड्यूल लिहीत असाल, तर हीच शिस्त दुसऱ्या बाजूने पाळावी लागते. जुने फंक्शन काढण्याआधी वॉर्निंग द्यावी, संदेशात पर्यायाचे नाव आणि काढण्याची आवृत्ती लिहावी आणि स्टॅकलेव्हल २ ठेवावा. ३.१३ पासून वॉर्निंग्ज मोड्यूलमध्ये 'डेप्रिकेटेड' हा डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खूण) आला आहे; तो फंक्शनवर लावला की चालताना वॉर्निंग मिळतेच, शिवाय कोड तपासणारी साधने संपादकातच ते नाव खोडलेले दाखवू शकतात.

कारखान्यातील संगणकावर आता यादीच्या फोल्डरशेजारी 'वॉर्निंग' नावाची लॉग फाइल असते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती मागवून वाचतो. दिवाणजींना ती उघडावी लागत नाही, फक्त पाठवावी लागते. गेल्या वेळी तिच्यात दोन नोंदी होत्या. एक माझ्याच कोडमधली होती आणि ती मी त्याच दिवशी दुरुस्त केली. दुसरी एक्सेल फाइल लिहिणाऱ्या लायब्ररीच्या आतली होती. तिच्यासाठी तिन्ही भाग भरलेला अरुंद फिल्टर लावला आणि त्या ओळीच्या वर लायब्ररीची सध्याची आवृत्ती, तारीख आणि 'पुढची आवृत्ती आली की हा फिल्टर काढून पाहणे' अशी टीप लिहून ठेवली आहे.